खाडीतल्या होडीवर घरचा टीव्ही मोबाइल डेटावर कसा दाखवावा?

कर्वेनगरकर (पुणे)

नमस्कार. माझे वडील निवृत्त झाल्यापासून दरवर्षी दिवाळीनंतर दाभोळच्या खाडीत, वेलदूरच्या बाजूला नांगरलेल्या आमच्या केबिनच्या होडीवर मुक्कामाला जातात आणि पावसाळ्यासाठी होडी वर ओढून घेईपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, बहुतेक काळ तेथेच राहतात. आई पुण्याच्या घरी असते. होडीवर सगळी सोय आहे, २४ इंची टीव्हीसुद्धा आहे, परंतु त्यावर पाहण्यासारखे काही लागत नाही. गेल्या हंगामात छोटी डिश बसवून पाहिली. होडी धक्क्याला घट्ट बांधलेली असेपर्यंत चित्र उत्तम यायचे, पण नांगरावर गेली की पडदा काळा. त्यामुळे आता मोबाइल डेटा हाच मार्ग उरला आहे, असे दिसते.

अडचण अशी की बाबांना फोनवर कार्यक्रम पाहणे सोसत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर लहान पडद्याचा त्यांना त्रास होतो, आणि दर वेळी ॲप उघडून, पाने उलटत वाहिनी शोधणे त्यांना आवडत नाही. पुण्यातल्या घरी कोणत्या क्रमांकावर काय लागते हे त्यांना पाठ आहे. रिमोटवर आकडा दाबला की वाहिनी लागली पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. सह्याद्रीवरच्या संध्याकाळच्या बातम्या, क्रिकेटचे सामने आणि आई पाहते त्या एकदोन मालिका एवढे मिळाले तरी ते समाधानी असतील. मालिका पाहून झाल्यावर रात्री दोघे फोनवर तिच्याबद्दल बोलतात, म्हणून ती त्याच दिवशी पाहता येणे मला महत्त्वाचे वाटते.

घरी १०० एमबीपीएसचे फायबर आहे आणि अपलोडचा वेगही तितकाच मिळतो. होडीवर फोन केबिनच्या आत जेमतेम एक काडी दाखवतो, टपावर उभे राहिल्यास तीन दाखवतो. दुपारी वेग चांगला असतो, रात्री आठनंतर फार पडतो. घरचा सेट-टॉप बॉक्स तेथून पाहता येईल का, त्यासाठी घरी आणि होडीवर नेमके काय बसवावे लागेल, आणि रोज साधारण तीन तास पाहिल्यास डेटा किती लागेल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सदाशिवपेठी तंत्रज्ञ

आपण गरज इतकी स्पष्ट मांडली आहे की उत्तर देणे सोपे झाले. घरची वाहिनी दूरच्या पडद्यावर दाखवणारे तयार उपकरण म्हणून पूर्वी स्लिंगबॉक्स प्रसिद्ध होते, परंतु त्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपले सर्व्हर बंद केले आणि त्यासोबत सगळ्या पेट्या निकामी झाल्या. त्यामुळे जुनी पेटी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. आता हे काम स्वतः जुळवावे लागते.

सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआय तारेतून बाहेर पडणारे चित्र एचडीसीपी नावाच्या कुलुपात असते. नियमाने बनवलेला एन्कोडर, म्हणजे चित्र इंटरनेटवर पाठवण्याजोगे करणारे यंत्र, ते कुलूप पाहून काळे चित्र दाखवतो, आणि ते कुलूप तोडणारी उपकरणे वापरावीत असे मी कोणालाही सुचवणार नाही. सशुल्क वाहिन्यांसाठी आपल्या डीटीएच कंपनीचेच ॲप होडीवरच्या टीव्ही बॉक्सवर चढवणे हा सरळ मार्ग आहे, कारण आपल्या वर्गणीतल्या बऱ्याच वाहिन्या त्यात थेट दिसतात. आईंच्या मालिकांचा प्रश्न यातून सुटेल.

बातम्या आणि क्रिकेट यांसाठी मात्र घरून प्रक्षेपण करणे खरोखर उपयोगाचे आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्यांना सांकेतिक कुलूप नसते. पुण्याहून फ्री डिशचा उपग्रह, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५, आग्नेय दिशेला सुमारे ५९ अंश उंचीवर असतो. गच्चीवर किंवा आग्नेयेकडे मोकळ्या असलेल्या बाल्कनीत एक वेगळी छोटी डिश लावावी, तिची तार डीव्हीबी-एस२ ट्यूनरला, म्हणजे उपग्रहाच्या वाहिन्या संगणकात घेणाऱ्या उपकरणाला, जोडावी आणि तो ट्यूनर लहान संगणकात बसवून त्यावर टीव्हीहेडएंड हे मुक्त सॉफ्टवेअर चालवावे. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाहिनीला हवा तो क्रमांक स्वतः देता येतो. बाबांना पाठ असलेले क्रमांक तेथे जसेच्या तसे लिहून ठेवले की होडीवरच्या टीव्ही बॉक्समधील कोडी या ॲपवर रिमोटने तोच आकडा दाबता येतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वडीलधाऱ्या माणसाला नवे तंत्र शिकवण्यापेक्षा त्यांची सवय सांभाळणारी व्यवस्था केली तर ती रोज वापरली जाते.

क्रिकेटबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे चित्र २००७ च्या कायद्यानुसार खासगी प्रक्षेपकाला प्रसार भारतीला द्यावे लागते, पण ते दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणासाठी आणि फ्री डिशसाठी असते. इंटरनेटवरचे हक्क निराळे विकले जातात. म्हणून हे सामने फुकट हवे असतील तर डिशला पर्याय नाही. सह्याद्रीच्या बातम्यांसाठी प्रसार भारतीचे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले वेव्हज ॲप हा राखीव मार्ग म्हणून ठेवता येईल.

फ्री डिशवरचे चित्र जसेच्या तसे पाठवू नये. साध्या दर्जाची एक वाहिनी एमपेग-२ स्वरूपात बरीच जागा घेते, आणि मोबाइलच्या जोडणीवर ती अडखळत राहते. घरच्या संगणकाने ती एच.२६४ या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात १ एमबीपीएसपर्यंत आटवून पाठवावी. २४ इंची पडद्यावर चार हात दूर बसून पाहणाऱ्याला हे चित्र पुरेसे स्पष्ट वाटते. १ एमबीपीएस म्हणजे तासाला साधारण ४५० एमबी, म्हणून तीन तासांना सुमारे १.३५ जीबी. रोज दोन जीबीची योजना असेल तर बातम्या, सामन्याचा काही भाग आणि फोनचा किरकोळ वापर त्यात बसतो. मात्र पूर्ण एकदिवसीय सामना पाहायचा झाला तर तो सात-आठ तास चालतो आणि रोजची मर्यादा त्यात संपून जाते. मर्यादा संपली की अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर उतरतो आणि त्या वेगात चित्र येत नाही, म्हणून सामन्याच्या दिवसासाठी जादा डेटाचे पॅक हाताशी ठेवावे. आटवण्याच्या कामासाठी संगणक निवडताना एवढे पाहावे की रास्पबेरी पाय ४ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर आहे, तर नव्या पाय ५ मधून तो काढून टाकला आहे. इंटेल एन१०० चा मिनी पीसी घेतल्यास हे काम तो फार वीज न खाता करतो. मी तोच घ्यावा असे सुचवेन.

पुढचा प्रश्न होडीवरून घरच्या संगणकापर्यंत पोहोचण्याचा. आपल्याकडे बहुतेक ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, मोबाइल कंपन्यांचेही तसेच असते. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून काही साधत नाही, आणि साधले तरी ते करू नये, कारण उघडे पोर्ट शोधणारे लोक दिवसरात्र जाळे टाकून बसलेले असतात. दोन्ही टोकांना टेलस्केल बसवावे. ते वायरगार्डच्या आधाराने दोन यंत्रांमध्ये खासगी बोगदा तयार करते आणि पोर्ट उघडावे लागत नाही. थेट जोडणी जमली नाही तर ते मधल्या सर्व्हरमार्फत जाते आणि वेग घटतो. घरच्या राउटरवर आणि सिमवर आयपीव्ही६ चालू असेल तर थेट जोडणी होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ही व्यवस्था केवळ आपल्या घरच्या माणसांपुरतीच ठेवावी, हे सांगायला नकोच.

आणि गुरुवार विसरू नका. दुरुस्तीसाठी पुण्यात वीज जाते ती बहुधा गुरुवारी, आणि परत आल्यावर मिनी पीसी आपण होऊन चालू होईलच असे नाही. त्याच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करून ठेवावी. फायबरचा मोडेम, राउटर आणि हा संगणक असे तिन्ही घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावेत, म्हणजे बाबांचा टीव्ही बंद पडला म्हणून आईंना वारंवार उठून बटणे दाबावी लागणार नाहीत.

हडपसरवासी

वरील उत्तर परिपूर्ण आहे. मी फक्त सिग्नलबद्दल सुचवतो. टॉवरकडे रोखलेला यागी (एकाच दिशेने घेणारा) अँटेना आणि ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर लावावा. आमच्या मुळशीकडच्या शेतघरात यागी अँटेनाने फार मोठा फरक पडला.

खाडीकाठ (दापोली)

हडपसरवासींची यागीची सूचना शेतघरासाठी योग्य आहे, कारण घर जागचे हलत नाही. होडीचे तसे नसते. नांगरावरची होडी भरतीला एका दिशेला तोंड करते आणि ओहोटीला उलट फिरते, म्हणजे दिवसातून अनेकदा. यागी टॉवरवर नेमका रोखून ठेवला तरी पाणी वळल्यावर तो डोंगराकडे बघू लागेल. डिशचे चित्र नांगरावर गेल्यावर का गेले, याचे कारणही हेच आहे. डिशला दोनतीन अंशांचा फरकही सहन होत नाही. होडीला सर्व दिशांनी सारखे घेणारा ओम्नी अँटेनाच लावावा, आणि एकच न लावता दोन टोके असलेला, म्हणजे मायमो प्रकारचा घ्यावा, कारण ४जी राउटर दोन प्रवाह एकाच वेळी घेतो.

बूस्टरबद्दल मला ठामपणे सांगावेसे वाटते. बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नल बूस्टर परवान्याशिवाय बसवणे आपल्या देशात बेकायदा आहे. तो टॉवरकडे जाणाऱ्या लहरींतही गोंगाट मिसळतो आणि आसपासच्या सगळ्या गावाचे फोन बिघडवतो. खाडीकाठच्या वाडीत एखादा आजारी माणूस रुग्णवाहिकेसाठी फोन लावत असेल आणि आपल्या टीव्हीमुळे तो लागला नाही, असे कदापि होऊ नये. राउटरला जोडलेला साधा अँटेना स्वतःहून सिग्नल वाढवत नाही, फक्त चांगल्या जागी जाऊन तो घेतो, म्हणून त्याला ही अडचण नाही.

आता चांगली जागा म्हणजे कोणती, ते सांगतो. पाण्यावर अंतर हा मोठा अडथळा नसतो. टॉवरची उंची ४० मीटर आणि आपला अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असेल तर रेडिओचे क्षितिज ३४ किलोमीटरच्या आसपास येते. दाभोळच्या खाडीत अडथळा असतो तो दोन्ही बाजूंच्या डोंगरांचा. खाडी पूर्व-पश्चिम जाते, काठ उंच आहेत, आणि शे-दोनशे मीटर पुढेमागे सरकल्यावर समोरच्या सड्यावरचा टॉवर दिसू लागतो किंवा डोंगराआड जातो. म्हणून नांगर टाकण्याआधी बाबांनी टपावर उभे राहून टॉवर डोळ्यांनी दिसतो का, हे पाहावे. दिसत असेल तर निम्मे काम झाले.

दुसरी गोष्ट उंचीची. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून लहर परावर्तित होऊन थेट लहरीला येऊन मिळते आणि पाण्याला अगदी लागून या दोन्ही एकमेकींना मारतात. अँटेना केबिनच्या कठड्यावर, पाण्यापासून हातभर उंचीवर लावला तर सिग्नल दुबळा राहतो. तोच डोलकाठीवर किंवा जाड पाइपवर तीन-चार मीटर उंच नेला की मोठा फरक दिसतो. ओहोटीला पाणी उतरते तशी होडी काठाच्या आणि खारफुटीच्या मानाने खाली जाते, तेव्हाही हीच उंची उपयोगी पडते.

राउटर केबिनमध्ये ठेवून लांब केबल ओढण्याचा मोह टाळावा. पातळ केबल दहा मीटर लांब असली तर वरच्या बँडवर निम्म्याहून अधिक सिग्नल तारेतच जिरतो. राउटर टपाखाली, अँटेनाच्या शक्य तितका जवळ बसवून केबल दोन-तीन मीटरची ठेवावी आणि तेथून टीव्हीपर्यंत वायफाय किंवा लॅनची तार न्यावी. बाहेरच्या प्रत्येक जोडणीवर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि तिच्यावरून साधी काळी टेप मारावी. खाऱ्या हवेत उघडा राहिलेला पितळी कनेक्टर एका हंगामात हिरवा पडतो, आणि मग आपण उगाच कंपनीला दोष देत बसतो. केबल केबिनमध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, आत येत नाही.

रात्री आठनंतर वेग पडतो, असे आपण लिहिले आहे. काड्या तेवढ्याच असून वेग पडत असेल तर टॉवरवर गर्दी झाली आहे, असे समजावे. राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या मानाने सिग्नल) असे दोन आकडे दिसतात. आरएसआरपी उणे ११० च्या खाली गेला तर सिग्नल अशक्त आहे; तो उणे ९५ असून एसआयएनआर शून्याच्या आसपास घोटाळत असेल तर गोंगाट जास्त आहे. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा बँड डोंगराला वळसा घालून दूरवर पोहोचतो, म्हणून राउटर स्वतःहून तोच धरतो, पण सगळ्या गावाचे फोनही त्याच्यावरच असतात. टॉवर समोर दिसत असेल तर राउटरला १८०० किंवा २३०० च्या बँडवर बांधून पाहावे. तेथे जागा अधिक मिळते. सिम घेण्यापूर्वी दोन कंपन्यांची सिम फोनमध्ये घालून रात्री नऊ वाजता, नांगराच्या नेहमीच्या जागी वेग मोजावा. दुपारी धक्क्यावर मोजलेल्या वेगावर विसंबून काही ठरवू नये.

विजेचे गणित सोपे आहे. १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही, राउटर आणि टीव्ही बॉक्स मिळून साधारण ४५ वॉट खातात, म्हणजे तीन तासांना ११-१२ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मेच वापरावे, तरी हे सहज निभते. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि थेट जोडलेला टीव्ही जळू शकतो, म्हणून मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर हवाच. इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून पुन्हा अडॅप्टरने १२ व्होल्ट करण्यात वीज वाया जाते.

कर्वेनगरकर (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवले. नांगराच्या जागेबद्दलचे त्यांना लगेच पटले, कारण समोरचा टॉवर कोठून दिसतो हे त्यांना ठाऊक आहे. आता दोन शंका उरल्या. आई पुण्यात एक वाहिनी पाहत असताना बाबांनी होडीवर दुसरी लावली तर आईचे चित्र बदलेल का? आणि रात्री वेग पडतोच, तर बातम्या थोड्या उशिरा पाहिल्या तरी चालतील. त्यासाठी काही करता येईल का?

सदाशिवपेठी तंत्रज्ञ

आईंचे चित्र अजिबात बदलणार नाही. त्यांचा टीव्ही डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्सवर चालतो, बाबांची व्यवस्था फ्री डिशच्या वेगळ्या डिशवर आणि वेगळ्या ट्यूनरवर असेल. पुढे मुलांना घरी फ्री डिश वेगळी पाहायची झाली, तर एकच तार दोघांत वाटू नये. तेव्हा डिशवर दोन तोंडांचा एलएनबी (लहरी पकडणारा भाग) लावून दुसरी स्वतंत्र तार आणावी.

उशिरा पाहण्याची आपली तयारी असेल तर काम पुष्कळ हलके होते. टीव्हीहेडएंड ठरलेल्या वेळी बातम्या आपोआप रेकॉर्ड करून साठवून ठेवते. त्याच संगणकावर ती फाइल आटवून घ्यावी, आणि घरी व होडीवर सिंकथिंग हे फाइल पाठवणारे सॉफ्टवेअर चालू ठेवून ती टीव्ही बॉक्सला लावलेल्या पेन ड्राइव्हवर पाठवावी. अर्ध्या तासाच्या बातम्या १ एमबीपीएसने सव्वादोनशे एमबी होतात. जोडणी मध्येच तुटली तरी सिंकथिंग जेथे थांबले तेथून पुढे सुरू करते, त्यामुळे वेग अर्ध्यावर आला तरी तासाभरात फाइल पोहोचते आणि बाबांना ती न अडखळता पाहता येते. थेट पाहणे केवळ क्रिकेटसाठी ठेवावे. तेथेही कोडीच्या सेटिंगमध्ये साठवण वाढवून वीस-तीस सेकंदांची उसंत द्यावी. घरच्यापेक्षा चेंडू तेवढा उशिरा दिसेल, म्हणून सामना चालू असताना विकेट पडल्याबरोबर आईंनी होडीवर फोन करू नये, एवढे त्यांना जरूर सांगून ठेवावे.

खाडीकाठ (दापोली)

एकच जोडतो. फाइल येण्यासाठी राउटर रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. टायमरने तो बातम्यांनंतर दोन तासांनी बंद होऊ द्यावा, नाहीतर टीव्हीला लागते त्याहून अधिक वीज राउटरच चोवीस तासांत खाऊन टाकतो. बाबा दुपारीही टीव्ही पाहत असतील तर टपावर १०० वॉटचे सौर पॅनेल बसवावे. डिसेंबर-जानेवारीतही आपल्याकडचे ऊन एवढ्या वापराला पुरते. पॅनेलवर डोलकाठीची सावली पडणार नाही अशी जागा निवडताना मात्र पुन्हा तेच ध्यानात ठेवावे, की भरतीची सावली एका बाजूला पडते आणि ओहोटीची दुसऱ्या.